गाई न बुजवता खोड्यात कशा घ्यायच्या: लसीकरण-तपासणीच्या दिवसाची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

"लस दिली की दोन-तीन दिवस दूध उतरतं" ही तक्रार शिरूर-दौंडपासून जुन्नरपर्यंत कुठल्याही दूध संकलन केंद्रावर ऐकू येते. लशीमुळे थोडी कणकण येते, दूध थोडं कमी होतं, हे खरं आहे. पण विम्याचा बिल्ला मारायला आणि फोटो काढायला माणसं येतात, त्या संध्याकाळीही दूध घटतं. तेव्हा कुठली लस होती? त्या दिवशी गोठ्यात चार अनोळखी माणसं, आरडाओरडा, शेपट्या पिरगाळणं आणि तासभर ओढाताण झालेली असते. लशीची कणकण टाळता येत नाही. धांदल टाळता येते.

धांदलीची किंमत फक्त त्या दिवसाच्या दुधात मोजू नका. घाबरलेल्या गाईच्या अंगात अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं आणि पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या ते आड येतं. दूध कासेत राहतं आणि दगडीला (कासेच्या सुजेला) वाट मिळते. ताण लांबला की रवंथ कमी होतो, प्रतिकारशक्तीही मंदावते. म्हणजे लस जिच्या भरवशावर देतो, तिलाच आपण त्या दिवशी धक्का लावतो. भरवायच्या (रेतन करायच्या) गाईची ओढाताण केली तर ती उलटण्याची, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येण्याची शक्यता वाढते.

पुढची पद्धत आठ-दहापासून तीस-चाळीस गाईंच्या मुक्त गोठ्यासाठी आहे, जिथे गाई बांधलेल्या नसतात आणि एकच पाइपचा खोडा (जनावर आत घेऊन अडवून धरायची चौकट) असतो. दावणीच्या गोठ्यासाठी काय बदलायचं ते शेवटी आहे.

टप्पा १: आठ दिवस आधी वाट तपासा

गाय खोड्याजवळ अडते तेव्हा बहुतेक वेळा तिला काहीतरी दिसलेलं असतं. आपल्याला ते दिसत नाही, एवढंच. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. शेपटीमागचा चिंचोळा भाग सोडला तर तिला जवळजवळ चौफेर दिसतं, पण दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसतो तो फक्त नाकासमोरचा थोडा भाग. त्यामुळे खोली आणि अंतराचा अंदाज घ्यायला तिला थांबून, मान खाली घालून बघावं लागतं. जमिनीवरची सावलीची रेघ आणि गटाराचा चर, दोन्ही तिला पहिल्या नजरेत सारखेच.

म्हणून गोठ्यापासून खोड्यापर्यंतची वाट स्वतः चाला. कमरेत वाकून, आपली नजर गाईच्या नजरेच्या उंचीला आणून. आणि ज्या वेळी गाई न्यायच्या आहेत त्याच वेळी चाला. सकाळी आठची सावली दुपारी बाराला सापडत नाही.

मंचरकडच्या एका गोठ्यात सगळ्या गाई एकाच जागी पाय रोवायच्या. मागून काठी चालूच. शेवटी कोणीतरी खाली बसून बघितलं, तर तारेच्या कुंपणात खताची रिकामी पांढरी गोणी अडकलेली. वारा आला की फडफडायची, आणि गुडघ्याच्या उंचीवर असल्यामुळे उभ्या माणसाच्या नजरेत येत नव्हती. गोणी काढली. पहिल्या गाईनं त्या जागेचा वास घेतला, फुरफुरली आणि आपणहून पुढे गेली.

वाटेवर हे शोधा:

- लोंबणारं दावं, फाटलेलं शेडनेट, फाटकावर टाकलेला शर्ट किंवा टॉवेल
- पाण्याचं डबकं, उघडं गटार, कोब्यावर पडणारी पाइपची पट्ट्या-पट्ट्यांची सावली
- आरसा चमकणारी मोटारसायकल, चालू कुट्टी मशीन, बांधलेलं कुत्रं
- खोड्याच्या पलीकडे समोर उभी राहणारी माणसं (यांचाच त्रास सगळ्यात जास्त)

गाय खोड्यात पूर्वेकडे तोंड करून शिरत असेल तर सकाळी ऊन थेट गाईच्या डोळ्यांवर येतं आणि ती थांबते. समोर थोडं उंचावर जुनं शेडनेट ताणून बांधा. सैल सोडलंत तर तेच फडफडेल. खोडा छपराखाली अंधारात असेल तर उलटी अडचण: उजेडातून आलेल्या गाईला आतलं काहीच दिसत नाही. तिथे आत उजेड करा, पण दिवा तिच्या तोंडावर नको.

मोठ्या संकरित गाईसाठी खोड्याची आतली रुंदी साधारण २८ ते ३० इंच पुरते. "गाय मोठी आहे, ऐसपैस असू दे" म्हणून रुंद केलेला खोडा हीच मोठी चूक. गाय आत वळायला बघते आणि अर्ध्यात अडकते. कालवडींसाठी एका बाजूनं फळी लावून रुंदी कमी करा.

आता जमीन. खोड्यातला आणि त्याच्या तोंडाशी असलेला गुळगुळीत कोबा शेण-मूतानं निसरडा होतो. एकदा आत घसरलेली गाय पुढच्या वेळी दारातच पाय रोवते, आणि आपण तिला हट्टी म्हणतो. कोब्याला चर पाडून घ्या. तोवर रबर मॅट टाका किंवा मुरूम पसरा. लोखंडी कड्या आणि दारं जिथे आपटतात तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा. लोखंडावर लोखंड आपटल्याच्या आवाजानं रांगेतली पुढची गाय आत येण्याआधीच बुजलेली असते.

तपासा: रिकाम्या खोड्याचं दार चार-पाच वेळा उघडा आणि लावा. लांब उभ्या असलेल्या गाईंनी माना वर केल्या, तर आवाज अजून जास्त आहे.

टप्पा २: खोडा ओळखीचा करा

बहुतेक गोठ्यांत गाय खोड्यात जाते ती सुई टोचायला, नाहीतर खुरं कापायला. मग तिनं तिथे आनंदानं का जावं? लसीकरणाआधी चार-पाच दिवस खोड्यातून खुराकाची वाट करा. पहिल्या दिवशी पुढचं-मागचं दार उघडं ठेवून गाई नुसत्या पलीकडे जाऊ द्या, पलीकडे थोडी पेंड ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आत पाटी ठेवून तिथेच खाऊ द्या. मग मागचा दांडा लावा, मानेवर-पाठीवर हात फिरवा, मिनिटभरात सोडा. एवढंच. या दिवसांत सुई नाही, बिल्ला नाही, काही नाही.

कालवडींना हे सहाव्या महिन्यापासून लावलं तर पहिलारू झाल्यावर मिल्किंग मशीनपाशीही त्या कमी तमाशा करतात.

सावधान: दूध काढायच्या जागेवर इंजेक्शन देऊ नका. आणि जो दूध काढतो त्यानं त्या दिवशी गाय धरायला जाऊ नये. गाई जागा लक्षात ठेवतात, माणूसही लक्षात ठेवतात. सकाळी नाक दाबून धरलेला हात संध्याकाळी कासेला लागला, की गाय पान्हा चोरणारच.

टप्पा ३: वेळ, माणसं, सामान

सकाळचं दूध रोजच्याच वेळी काढा. "डॉक्टर लवकर येणार आहेत" म्हणून धार तासभर आधी ओढू नका. दूध काढल्यावर सडाची तोंडं साधारण अर्धा तास तरी उघडी राहतात. त्या वेळात गव्हाणीत हिरवा चारा टाका, म्हणजे गाई उभ्या राहतील. मग कामाला लागा. एप्रिल-मे महिन्यात दौंड, इंदापूर, बारामती या पट्ट्यात नऊच्या आत काम आटोपलं पाहिजे. संकरित गाय आधीच उन्हानं धापत असते, त्यात तिला पळवू नका. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात आदल्या रात्री बिबट्या गोठ्याभोवती फिरून गेला असेल तर सरळ डॉक्टरांना फोन करून दिवस बदला. त्या गाई त्या दिवशी कोणाच्याच हाताशी येत नाहीत. दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांतही तारीख घेऊ नका.

माणसं मोजकी ठेवा: एक गाई आणणारा, एक खोड्याच्या दारावर, एक वहीवर. डॉक्टर आणि त्यांचा मदतनीस वेगळे. मदतीला आलेल्या शेजाऱ्यांना मानानं चहाला बसवा, पण गोठ्याबाहेर. लस थंड साखळीत, म्हणजे २ ते ८ अंश सेल्सिअसला राहायला हवी. दवाखाना ती आणतो, पण लसीची पेटी ठेवायला सावलीतली जागा आणि हाताशी जास्तीचा बर्फ आपण ठेवावा.

आदल्या संध्याकाळी करायची दोन कामं नेहमी राहून जातात. एक, कानातल्या बिल्ल्यांवरचं शेण पुसून १२ अंकी नंबर वहीत उतरवून ठेवणं. गाय गव्हाणीवर खात असताना हे सहज होतं. न केल्यास दुसऱ्या दिवशी खोड्यात तिचं डोकं पिरगाळून नंबर वाचत बसावं लागतं. दोन, गाभण गाई कितव्या महिन्यात आहेत आणि कोण आजारी आहे याची यादी. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाईंचं आणि ताप असलेल्या जनावरांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. त्यांना गर्दीत घालून मग विचारू नका.

सामान: म्होरक्या, सुती दोर, प्रत्येक जनावराला नवी सुई पुरेल एवढ्या सुया (लम्पीनंतर यात सूट नाही), वही, पाण्याची बादली. काठी लागत नाही. हात लांब करायला हलकी कामटी चालेल. ती दाखवायला आहे, मारायला नाही.

टप्पा ४: कुठे उभं राहायचं

बहुतेकांचं चुकतं ते इथेच.

प्रत्येक गाईभोवती बुजण्याची एक हद्द असते. हद्दीबाहेर तुम्ही उभे असाल तर ती फक्त मान वळवून बघते. आत पाऊल टाकलंत की सरकते. अंगाशी खेळलेल्या गोठ्यातल्या गाईची हद्द हातभर असते. रानात चरणाऱ्या किंवा बाजारातून नुकत्याच आणलेल्या गाईची वीस-पंचवीस फूटही असू शकते. सावकाश चालत जा. ती डोकं उचलते ती जागा म्हणजे हद्दीचा काठ. काम त्या काठावरच करायचं.

दुसरी गोष्ट खांद्याची. तुम्ही खांद्याच्या मागे, थोडे तिरके उभे राहिलात तर गाय पुढे जाते. खांद्याच्या पुढे आलात तर थांबते किंवा मागे सरते. बरोबर मागे, शेपटीच्या रेषेत उभं राहू नका. तिथे तुम्ही तिला दिसतच नाही. ती वळून बघते, नाहीतर लाथ झाडते.

आता नेहमीचं चित्र आठवा. एकजण खोड्याच्या तोंडाशी पुढे उभा राहून "चल, चल गं" म्हणत कासरा ओढतोय. दुसरा मागून शेपूट पिरगाळतोय. म्हणजे एकाच वेळी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. गाय जाणार कुठे?

असं करा. पुढचा माणूस बाजूला काढा. आणणारा खांद्याच्या मागे, तिरक्या बाजूनं एक पाऊल आत येतो. गाय एक पाऊल पुढे टाकते. त्याच क्षणी तो अर्धं पाऊल मागे घेतो. हे मागे घेणं महत्त्वाचं आहे. पुढे गेलं की माणूस लांब होतो, हे गाईला तेवढ्यातच कळतं. गाय चालली तरी दाब चालूच ठेवला, तर चालून काय मिळालं, असं होतं. मग ती पळते किंवा वळून अंगावर येते.

अरुंद वाटेत गाय थांबली तर आणखी एक युक्ती: तिच्या बाजूनं, तोंडाकडून शेपटीकडे, शांतपणे चालत जा. तुम्ही खांदा ओलांडलात की ती पुढे निघते.

आवाज खालच्या पट्टीत ठेवा. नावानं हाक मारा, रोज मारता तशीच. शिट्ट्या, "हैक हैक", पत्र्यावर काठी आपटणं बंद. गाईंना आपल्यापेक्षा जास्त वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येतात. आपल्याला साधी वाटणारी शिट्टी त्यांना कानात घुसते.

पूर्ण माणसाळलेल्या गाईला हद्दच उरत नाही, तिला हाकता येत नाही. तिला म्होरकी घालून, पाटी दाखवून पुढे न्या.

सावधान: दोर हाताला गुंडाळू नका. गाय उधळली तर बोटं जातात. आणि गाय लाथ मारते ती बाजूनं वळवून. त्यामुळे एकतर अंगाला चिकटून उभे राहा नाहीतर पूर्ण लांब. हातभर अंतर सगळ्यात धोक्याचं.

टप्पा ५: कोणाला आधी, कोणाला नंतर

आधी सगळ्यात शांत, जाणती गाय. ती आत जाऊन निवांत उभी राहिली की बाकीच्यांना बघायला मिळतं. पहिली गाय हंबरली, धडपडली तर बाकीच्या रांगेचा दिवस खराब.

त्यानंतर दोन जाणत्या गाईंमध्ये एक कालवड, असा क्रम लावा. खोड्याआधीच्या छोट्या आवारात एका वेळी चार-पाचच गाई घ्या, आणि आवार अर्धं रिकामं राहू द्या. ठासून भरलं की वळायला जागा नाही, शिंगं एकमेकींना लागतात, आणि तिथूनच आरडाओरडा सुरू होतो.

बुजरी किंवा मारकी गाय? बहुतेकजण तिला शेवटी ठेवतात. "बाकीचं उरकू, मग तिचं बघू." पण शेवटी राहिलेली गाय एकटी पडते. कळपातल्या जनावराला एकटेपणाइतकं भेदरवणारं दुसरं काही नाही. तिला शेवटून दुसरी घ्या. तिच्या ओळखीची एक शांत गाय शेवटपर्यंत मागे ठेवा.

टप्पा ६: खोड्यात

गाय आत आली, मागचा दांडा हळूच लागला, डोकं बांधलं. गाठ ओढल्याबरोबर सुटणारीच हवी. डोकं फार वर ताणू नका, तिला श्वासाला आणि तोल सांभाळायला जागा हवी. नाकात बोटं घालून धरणं डॉक्टरांनी सांगितलं तरच. मानेवर हात टेकवलेला ठेवा, थोपटू नका. थोपटण्यानं ती दचकते, घट्ट टेकवलेल्या हातानं स्थिरावते.

डॉक्टरांची सिरिंज भरलेली असल्याशिवाय गाय आत घेऊच नका. आत उभी करून मग सुया शोधणं, फोन घेणं, हे चालत नाही. एक काम झालं की सोडा. "आलीच आहे आत, तर खुरंही बघू, बिल्लाही मारू" असं करू नका.

तपासा: दर दहा गाईंमागे वहीत तीन गोष्टी लिहा. किती घसरल्या, किती हंबरल्या, कितींची शेपूट धरावी लागली. पुढच्या वेळी हे आकडे खाली आले, तर गोठा सुधारतोय.

टप्पा ७: बिघडलं तर

डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, शेपूट पोटाशी, पातळ शेण टाकतेय, शेजारच्या गाईंवर चढतेय, म्हणजे गाडी हाताबाहेर चाललीय. थांबा. तिला दोन गाईंसोबत परत मोकळं सोडा आणि दुसऱ्या गाईंकडे वळा. भेदरलेल्या जनावराला शांत व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांनी परत आणलंत तर ती पहिल्यापेक्षा वाईट वागेल.

गाय खोड्यात बसली तर ओढून उठवू नका. बाजूचा पाइप काढा, डोकं सोडा, मागे व्हा. ती तिची उठते. बाजू उघडत नसलेला खोडा असेल तर हा बदल लोहाराकडून आधी करून घ्या.

शेपूट पिरगाळून मोडलेल्या गाई तालुक्याच्या दवाखान्यांत कमी दिसत नाहीत. जनावराला मारहाण करणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, ते वेगळंच.

टप्पा ८: बाहेर आल्यावर

दार उघडल्यावर गाय चालत बाहेर पडायला हवी. उधळत पडली तर आत काहीतरी चुकलंय. बाहेर सावली, पाणी आणि ओळखीच्या गाई असू द्या. डॉक्टरांना शेवटच्या गाईनंतर अर्धा तास थांबायची विनंती करा. तोंड सुजणं, लाळ गळणं, धाप लागणं अशी लशीची तीव्र प्रतिक्रिया आली तर ती बहुतेकदा याच वेळात दिसते. ते निघून गेल्यावर काही झालं तर १९६२ ला फोन लावा. टोचलेल्या जागी छोटी गाठ दिसली तर घाबरू नका, वाढत गेली तर दाखवा.

संध्याकाळची धार नेहमीच्याच माणसानं, नेहमीच्याच जागी काढावी. कास नीट धुऊन पुसली, सड हलकेच चोळले की साधारण मिनिटभरात पान्हा येतो, आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. तेवढ्यात दुसरी कामं काढू नका. गाईनं पान्हा चोरला तर वासरू लावा, खुराक द्या, थोडं थांबा. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचू नका. दुधासाठी असली अपायकारक इंजेक्शनं देण्याला त्याच कायद्याची मनाई आहे. पुढचे तीन दिवस प्रत्येक गाईचं दूध वेगळं लिहा.

भरवायची गाय असेल तर

पद्धत तीच, दोन गोष्टी जास्त. तिला उन्हातून चालवत दवाखान्यात नेऊ नका, रेतन गोठ्यातच करा. आणि एकटी बांधू नका, नजरेसमोर दुसरी गाय असू द्या. भरवल्यावर अर्धा तास सावलीत उभी राहू द्या. लगेच कळपात सोडली तर माजावरच्या गाईभोवती बाकीच्या धिंगाणा घालतात.

दावणीचा गोठा असेल तर

खोड्यात न्यायचा प्रश्न नाही, पण डॉक्टर थेट मागून जाऊन टोचतात, तेच चुकतं. आधी गाईच्या तोंडाशी या, हाक मारा, मग मानेवरून हात सरकवत जा. दावणीच्या एका टोकाकडून सुरुवात करून सरळ पुढे जा. मधलीच गाय आधी, मग परत या टोकाला, असं केलं की सगळी दावण ताणलेली राहते. शेजारच्या दोघींना खायला टाकलेलं असू द्या.

चाकण किंवा बेल्ह्याच्या बाजारातून आणलेली गाय किमान २१ दिवस वेगळी ठेवा. रोगासाठी तर ठेवायचीच, पण तेवढ्यात तिला तुमचा आवाज आणि तुमचा खोडा कळतो.

म्हशी जरा वेगळ्या. पान्हा सोडायला त्यांना गाईपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि दूध काढणारा बदललेला त्यांना अजिबात खपत नाही. उन्हात खोड्यात उभी केलेली म्हैस लवकर तापते, म्हणून त्यांना सकाळी पहिल्या घ्या आणि सोडल्यावर अंगावर पाणी मारा. खिलार जातीच्या जनावरांचा प्रकार उलटा: तापट, चपळ, हद्द मोठी. खिलार बैलाला त्याचा रोजचा माणूसच आणेल, डॉक्टर येईपर्यंत आवारात बाकी कोणी नको. वेसणीला झटका द्यायची सवय असेल तर ती आधी सोडा. वेसण दिशा दाखवायला आहे. झटक्यानं नाक चिघळलं की पुढच्या वेळी तो डोकं धरूच देत नाही.

ज्या गाईनं या वेळी त्रास दिला तिचा नंबर वहीत लाल पेनानं लिहा, आणि काय झालं तेही: दारात अडली, आत घसरली, डोकं बांधताना उसळली. पुढच्या लसीकरणाआधी त्या गाईंना टप्पा २ मध्ये चार-पाच दिवसांऐवजी पंधरवडा द्या.